रुद्रेशचा पाय

पुणे, मंगळवार

ती. अव्वास शिवलीलाचे शरणु शरणार्थी.

मोडलेल्या पायाला प्लास्टर घातल्यावर तुझी नात आता रडायची थांबलीया, काळजी करू नको. तुझा गुडघा कसा हाय?

एक्स-रेत तिच्या पायात आधीच मोडून जुळलेल्या चार जागा दिसल्या. आम्हा आईबापाला पत्ताच न्हवता. डॉक्टर म्हणाले, हाडं जन्मापासनंच ठिसूळ हायत, रक्तातनं आलंय, घरात आणखी कुणाला हाय काय? मी म्हटलं, माझा भाऊ रुद्रेश, लहानपणी पाय मोडल्यापासनं बसूनच हाय. असलं लेकरू नुसतं उचललं तरी हाड मोडतंय म्हणं.

त्याचाबी एक्स-रे काढायचाय, घिऊन ये.

फोनवर हे बोलवलं न्हाय. अजून मी कुणाचं लेकरू कडेवर घेतलं की तू माझ्या हाताकडं बघतीस.

अव्वा, मी नऊ वर्षांची हुते, पण रुद्रेशला मी पाडलं न्हवतं. तवाबी हेच सांगत हुते.

तुझी,
शिवलीला