बाबा पिशवीवर

तीर्थरूप आत्यास भाचीचा वाकून नमस्कार. (वाकलेलीच आहे, पिशव्यांच्या गठ्ठ्यांमुळे खोलीत सरळ उभं राहायला जागा नाही.) तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम करतेस, की करते म्हणून नुसतं सांगतेस?

बाबांचा तुला फोन आला असेलच. पोरीनं बापाला बाजारात विकलं, हे त्यांचं म्हणणं अक्षरशः खरं आहे. पण माझंही ऐक. नोकरी सोडून मी चित्रं काढायला लागले त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून बाबा माझ्याशी कामापुरतंच बोलायचे, आणि माझं काम त्यांच्या लेखी काम नसल्यामुळे तेवढंही नाही. यंदा मी आपली चित्रं कापडी पिशव्यांवर छापून विकायचं ठरवलं. फुलं काढली, मांजरं काढली. कुत्रंही फिरकलं नाही. शेवटी वैतागून आरामखुर्चीत तोंड उघडं टाकून झोपलेले बाबा काढले, पोटावर उपडा चष्मा. प्रदर्शनात पहिल्याच दिवशी एक बाई त्या पिशवीसमोर थबकल्या. “आमचे वडील अस्सेच घोरायचे. मी दार लावून घ्यायचे,” म्हणाल्या, आणि दोन पिशव्या घेऊन डोळे पुसत गेल्या. मग रांगच लागली. घरोघरी एक झोपलेला बाप असतो, हे मला कुठे माहीत?

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू मंडईतून आल्या, त्या पिशवीवरच्या बाबांच्या तोंडावर मुळ्याचा पाला लोंबकळवत. बाबा तडक स्टॉलवर! मला वाटलं, आता टेबल उलटतंय. त्यांनी एक पिशवी उचलली, आतली बाजू बाहेर काढली आणि शिवण ओढून पाहिली. (जन्म गेला ना कारखान्यात माल तपासण्यात.) “बंदाला एकच टीप? दोन किलो बटाट्यांत बाप रस्त्यावर येईल!” मग खुर्ची ओढून बसले आणि गिऱ्हाइकांदेखत एकेक पिशवी नापास करत सुटले. साठातल्या एकवीस! मी रडकुंडीला आले. तेवढ्यात एका मुलीनं विचारलं, “काका, हे तुम्हीच ना?”

“नाक माझं नाही,” बाबा म्हणाले. “पण काम हिचं आहे.”

काम म्हणाले, आत्या. मी काहीतरी शोधायला टेबलाखाली वाकले, आणि ते मला बराच वेळ सापडलं नाही.

आता सगळ्या बंदांना दुहेरी टीप असते. घरी सगळ्यांना नमस्कार.

तुझी,
बाप विकणारी भाची

ता. क. तुझ्यासाठी बाबांनी स्वतः पास केलेली एक पिशवी बाजूला ठेवली आहे. हे मी सांगितलं असं सांगू नकोस.

आणखी एक ता. क. चित्रात बाबा झोपलेलेच का, हे कुणी विचारलं नाही. तीन वर्षांत ते जागेपणी माझ्यासमोर बसलेच नव्हते गं. आता उघड्या डोळ्यांचे काढायला घेतलेत, पण पेन्सिल दिसली की झोपेचं सोंग घेतात. तू चार दिवस ये आणि त्यांच्याशी कशावरूनही भांड. तुझ्याशी भांडताना ते डोळे वटारतात. तेवढ्यात मी काढून घेईन.