लेकीच्या मानेवरची गाठ

आबा,

तुमी गेलात त्याला लय वरसं झाली, पण चारठाण्याच्या आपल्या ओसरीवर बसून लोकांच्या मुरगळल्या हातापायांना लेप लावणारे तुमी आज दिवसभर मला दिसायलात. येलदरीचा एक माणूस म्हाताऱ्या आईला घेऊन आलाय. म्हातारीच्या दंडावर गाठ हाय. मी चुलीवरून गरम लेपाची वाटी आणते आन् ती खाली ठेवायच्या आधीच शहाणपणानं गाठ चाचपायला जाते. तुमी फाडकन माझ्या हातावर मारलंत. "दुखत न्हाई आन् वाढायली, असल्या गाठीला हात लावायचा न्हाई! आजच्या आज परभणीला न्या हो हिला." परक्या माणसापुढं मारलंत म्हणून दोन दिवस बोलले नव्हते मी तुमच्याशी.

आन् नेमकं तेच मी विसरले बघा. तुमच्या नऊ वरसांच्या नातीच्या मानेला, कडेला, बोराएवढी गाठ हाताला लागली. दुखत नव्हती. झोपेत मान लचकली असंल म्हणून महिनाभर रोज कोमट तेलानं चोळली. बापाचा हात लेकीत उतरलाय म्हणत्यात ना गल्लीतल्या बाया, त्याचा तोरा! गाठ लिंबाएवढी झाली तवा शुद्धीवर आले.

संभाजीनगरचे डॉक्टर म्हणाले, कॅन्सर हाय. स्नायूतला, लेकरांना क्वचित होणारा. रक्ताच्या मोठ्या शिरेला गाठीनं असा वेढा घातलाय की ऑपरेशन करता येत न्हाई. ते ऐकून मला मेलीला आधी बरंच वाटलं, लेकीला कापणार न्हाईत म्हणून. मग त्यांनी समोर बसवून सांगितलं, काढता येत नाही हीच अडचण आहे. दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून औषध, मग मशीनखाली रेडिएशनची लाईट द्यायची. "गाठ आकसेल, पण पूर्ण जाईलच असं मी म्हणणार नाही." चौथी खेप झाली. केस गेले. भाकरीच्या वासानं सुद्धा ओकायली. गाठ थोडी आकसलीय म्हणत्यात. थोडीच.

माझ्या चोळण्यानं ती वाढली का, एवढंच मला डॉक्टरांना विचारायचंय, आन् तेच विचारता येत न्हाई. का, ते तिच्या बापालाही सांगितलेलं न्हाई. हा कागदही चुलीतच जाईल. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं होतं, "गाठ कुणी चोळली होती का?" मी न्हाई म्हणले. लगेच म्हणले. लेक मला चिकटून बसली होती. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं, आन् डॉक्टरांना ती बी "न्हाई" म्हणली.