सांडव्यातली पोती

करंजपाडा, ता. पेठ
८ जुलै २०२५

चि. ज्योत्स्नास,
अ. उ. आ.

इथे झाडावर चढलं तरी मोबाइलला रेंज नाही, म्हणून पत्र. आई ठणठणीत आहे. दिवसभर तुझीच आठवण काढते. मी समोर असतो, माझी कशाला काढेल!

माझं मात्र डोकं फिरलंय. तळ्याचं जादा पाणी बांधाच्या कडेच्या सांडव्यातून फुकट वाहून जातं. ते उन्हाळी टोमॅटोला मिळावं म्हणून मी सांडव्यात मातीची पोती रचून दोन हात उंच भिंत केली होती. काल पाहतो तर सगळी पोती विळ्यानं फाडलेली. हे शेजारच्या यादवचंच काम. त्याची चांगली हजेरी घेणार आहे आणि रविवारी पुन्हा पोती रचणार आहे.

वहिनी तुझी आठवण काढते. लोभ आहेच, तो वाढव.
तुझा दादा,
दत्तू

गंगापूर रोड, नाशिक
११ जुलै २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आपल्या वस्तीतला भारत आज एसटीनं तिकडे येतोय, त्याच्याच हाती हे पत्र देते. दादा, पोती रचू नकोस. आपली चौदा घरं बांधाच्या पायथ्याशी आहेत. मातीच्या बांधावरून एकदा पाणी गेलं की तो उरत नाही, असं नाना सांगायचे, तेव्हा तू हसायचास. इथे मोठ्या पावसाचा इशारा दिलाय. मला झोप नाही.

आणि यादवदादाशी भांडू नकोस. माझ्या लग्नात तो तुझ्यापेक्षा जास्त रडला होता.

आईला जप. तुझी माया अशीच असू दे.
तुझी,
ज्योत्स्ना

करंजपाडा
१६ जुलै २०२५

चि. ज्योत्स्नास,
अ. उ. आ.

आम्ही सगळे सुखरूप आहोत, हे आधी वाच.

शनिवारीच पाऊस कोसळला, त्यामुळे पोती रचायची राहूनच गेली. रविवारी दुपारी आम्ही बांधावर गेलो. अगं, डोंगराचं सगळं लाल पाणी तळ्यात धडधडत उतरत होतं. मी जन्मात असं पाहिलं नव्हतं. आणि आपला तो गवताळ बांध, ज्यावर आपण बोरं खात बसायचो, तो एवढं पाणी छातीवर घेऊन उभा! सांडव्यातून सुटेल तेवढंच खाली जात होतं. वस्तीजवळचा ओढा काठोकाठ भरला, पण एकाही उंबऱ्याला पाणी लागलं नाही. पाणी बांधाच्या माथ्यापासून हातभर खाली थांबलं. माझी पोती जागेवर असती तर ते वरूनच गेलं असतं.

संध्याकाळी मी यादवच्या पाया पडायला गेलो. तो गोंधळला. त्याला पोत्यांचं काहीच ठाऊक नव्हतं. घरी येऊन सांगितलं, तर आई शांतपणे म्हणाली की पोती तिनंच फाडली. पंचाहत्तरीची बाई चिखलातून एकटी सांडव्यात उतरली होती! मला का नाही सांगितलं, असं विचारलं. ती म्हणाली, सांगून तू कधी ऐकलंस? बहात्तरच्या दुष्काळात या बांधाची माती तिनं डोक्यावरून वाहिली होती, पाटी पाटी. त्या मातीला किती पेलवतं, ते तिला नाही कळणार तर कोणाला?

तिचे पाय धरले आणि रडलो, यादवपेक्षा जास्त.

हल्ली मी रोज सकाळी पाटीभर माती नेऊन बांधावरची उंदरांची बिळं बुजवतो. आई काठी टेकत येते आणि चुका काढते. तू पोळ्याला ये, तुला बांध दाखवायचाय.

लोभ असावा, तो काठोकाठ भरला तरी चालेल.
तुझा दादा,
दत्तू