पायाशी आडवी

धाकट्या,

आमच्या चिमणीला 'क' जमत नव्हता. तू तिचा 'ताता' होतास आणि तुला ते चालायचं. पण बालवाडीत पोरं हसली आणि तिने बोलणंच टाकलं. स्पीच थेरपीच्या बाई म्हणाल्या, "उताणं झोपवून खेळा, जीभ आपोआप मागे जाते." मग काय, रोज संध्याकाळी घरातले सगळे फरशीवर उताणे, छताकडे बघत कावळ्यासारखे ओरडतोय, गुडघे चोळत बाबासुद्धा! काल तिने स्वच्छ 'काका' म्हटलं. उभी राहिली की मात्र पुन्हा 'ताता'.

हे पत्र टाकत नाही, गंमत जाईल. रविवारी तू दारात आलास की ती धावत येऊन तुझ्या पायाशी आडवी होईल. तू घाबरशील, बॅग टाकून खाली वाकशील. तेव्हा ऐक.

तुझा,
फरशीवरचा दादा