मान हलली म्हणून

मेढा, २४ जानेवारी १९७४

बालमैत्रीण विनोदिनी हिस मनुबाईचा स. न. वि. वि.

काल एस्टीनं घरी पोचले. गुडघं सोडून बाकी समदं बरं हाय.

विनू, त्या आयतवारची चूक माझी. वीस वरसं तुझ्या पियानोशेजारी बसून सुरांची पानं उलटतीय. त्यातलं मला काय वाचता येत न्हाई, कागदावर मुंग्या सांडल्यावानी दिसतंय. पर तुझी मान हलली की पान उलटायचं, एवढं कळतंय. आन् नेमकं गंगाधरनं पियानोसाठी लिवलेल्या नव्या तुकड्यालाच मी आधी उलटलं. तू थांबलीस, तुला जागा घावंना. पुढच्या खुर्चीतला जाड्या हसला, मग समदं सभागृह. मागं कुणी बोललं बी, ही लुगड्यातली बाई तिथं कशाला बसवली. वाटलं उठून सांगावं, बाबा, वाचणाऱ्या पोरी सोडून ही बया मलाच बोलावती, तिला इचार.

हसण्यावारी न्हेते, पर मन लागंना. गंगाधर साताऱ्यापतूर माझ्याच गाडीत हुता. वाईच्या शाळेत गणित शिकवणारा माणूस, दोन वरसं खपून एक तुकडा लिवला. म्हणाला, मावशी, आता वह्या माळ्यावर. लोक हसले म्हंजे ते हसण्यासारखंच असणार. तू जलमभर नव्या लोकांचं वाजीवलंस, जुनं ऐकायला आलेली माणसं मधनंच उठून गेली तरी. पर लिवणारा असा गप झालेला मी पयल्यांदाच बघितला. त्याला दोन ओळी धाड.

लोभ हाय तेवढा ऱ्हाऊ दे, वाढला तर ठिवायला जागा हाय.

तुझी,
मनू


सांगली, २ फेब्रुवारी १९७४

गं. भा. मनूस विनूचा सप्रेम नमस्कार. (गं. भा. लिहिलं की तू चिडतेस, म्हणून मुद्दाम लिहिलं.)

चूक तुझी नव्हती. मान हलली, पण मी ती हलवली नव्हती. गणपतीपासून ती आपली आपण हलते. मिरजेच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला. बोटांपर्यंत येईल, पण वर्षात की तीन वर्षांत ते सांगता येत नाही म्हणाले. त्या संध्याकाळी काय झालं असं गंगाधरनं विचारलं, तेव्हा तू शेजारीच उभी होतीस. मी तुझ्याकडे बघितलं. बोलले काहीच नाही. पण बघितलं.

हे कुणाला सांगू नकोस. मार्चमध्ये साताऱ्याला त्याचाच तुकडा पुन्हा वाजवायचा आहे. कळलं तर मला कोण बोलावेल? जुनं वाजवणारे पुष्कळ आहेत, या नव्या लोकांचं इकडे माझ्याशिवाय कोण वाजवतं? तू वाईला जा आणि पान तूच चुकवलंस असं त्याला पुन्हा एकदा सांग. मागायला लाज वाटते, तरी मागते.

रागावलीस तरी पत्र चुकवू नकोस.

तुझी,
विनू


मेढा, १४ फेब्रुवारी १९७४

गं. भा. असूनबी न चिडलेल्या मनूचा विनूस नमस्कार.

मला ठावं हुतं. संक्रांतीला दूधवाल्यानं इचारलं, आणखी एक लिटर घालू का. तुझी मान हलली, त्यानं घातलं, आन् तू त्याच्यावरच वराडलीस. मी लय हसले. मग तू पाठमोरी बसलीस तवा तुझी मान बघितली आन् हसू जिरलं. स्टेजवर मान हलली तवा मनात शंका आली बी. पर वीस वरसांत तुझ्या मानेला कवा इचारलं न्हाई, तवा बी न्हाई इचारलं. उलटलं. म्हंजे थोडी चूक माझी हायच, ती मी कुणाला देणार न्हाई.

वाईला जाऊन आले. घाटावर गाठला त्याला. समदं माझ्या माथी घेतलं, डोळ्यानं अधू झाले म्हणून वर थापबी मारली. त्यो ऐकंना. म्हणाला, बाईंनी तीस वरसं भल्याभल्यांचं पेललंय, एका पानानं त्या अडल्या नसत्या. सावरून घ्यावं एवढं त्या तुकड्यात त्यांना काय दिसलं न्हाई.

विनू, मी बोलणी जलमभर खाईन, बिनकुकवाच्या बाईला सवय असती. पर माझी चूक त्यो मानतच न्हाई, तर मी घेऊन करू काय? त्याला खरंच सांगाय पायजे, आन् ते तूच. तुझं वाजवणं आज ना उद्या जाणार. त्याचं लिवणं कशापायी घालवतीस? तुझ्याकडं शिकणारी ती क्षमा हाय की. साताऱ्याचं वाजवणं तिला दे.

वाईट लिवलं. फाडून टाक, पर वाचल्यावर.

मनू


सांगली, ३ मार्च १९७४

मनूस विनूचा नमस्कार.

गंगाधरला बोलावून घेतलं आणि सांगितलं. मानेचं, डॉक्टरांचं, तुझ्याकडे बघितलं तेही. तो मग म्हणाला, मावशी माझ्यासाठी वाईला आल्या आणि मी त्यांना साधा चहाही विचारला नाही. तो माझ्यावर ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. जाताना म्हणाला, वह्या खाली काढतो, क्षमाच्या हाताला काय बसतं ते बघून पुढचं लिहितो. क्षमाच्या म्हणाला. बरोबरच आहे.

क्षमा वाजवणार असं साताऱ्याला कळवलं. ती रोज दुपारी येते. मी आतल्या खोलीतून ऐकते, कारण समोर बसले तर माझी मान बघून ती थांबते. दोन जागा ती माझ्याहून चांगल्या वाजवते. तिला तसं सांगितलंही. काल ती गेल्यावर मी बसले, त्या दोन जागा तशा जमतात का बघायला. डावी करंगळी ऐकेना. पुन्हा केलं. पुन्हा ऐकेना.

आज पियानोच्या झाकणाची किल्ली क्षमाला देऊन टाकली, म्हणजे ती गेल्यावर ते बंदच राहील. तिनं विचारलं, रोज दार उघडून वर झाकणही उघडायचा तुम्हाला त्रास होतो म्हणून ना? मी हो म्हणाले.

आहेस तशीच राहा.

विनू