मला विचारल्याशिवाय नाही

निमगाव केतकी,
१२ जानेवारी १९९७

प्रिय मेघना,

तुझ्या लाडक्या भावानं, सुयशनं, फोन करून माझ्या कागाळ्या सांगितल्याच असतील. आई हट्टाला पेटली, दवाखान्यात तमाशा केला. केलाच. आता माझ्या बाजूचंही ऐक.

सोमवारी तो मला बारामतीला घेऊन गेला. रक्त तपासायचंय, एवढंच म्हणाला. डॉक्टरांशी बोलायला मात्र एकटाच आत गेला. आपल्याकडे दुखणं बाईचं आणि बोलणी पुरुषांची! बाहेर कारकुनानं माझं नऊवारी लुगडं पाहिलं आणि शाईचा पॅड पुढं सरकवला. म्हणे, आज्जी, उठवा हितं अंगठा. धम्म घेतल्यावर विहारातल्या वर्गात मी अक्षरं गिरवली, तेव्हा हा बाबा जन्मलाही नव्हता. मी चष्मा लावला आणि कागद वाचत बसले. दोन्ही मूत्रपिंडं निकामी, डायलिसिससाठी हातावर शस्त्रक्रिया, तिला माझी संमती. वर पहिल्या तपासणीची तारीख सप्टेंबरची. म्हणजे चार महिने घरात सगळ्यांना ठाऊक, मी सोडून! असा राग आला! त्या रागातच खाली ‘मला मान्य नाही’ असं लिहिलं, सही ठोकली आणि तडक डॉक्टरांच्या खोलीत शिरले. सुयशचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

डॉक्टर भला माणूस. विचारलं तसं सरळ सांगितलं. आठवड्यातून दोनदा पुणं, दर वेळी चार तास मशीनवर. माझं वय पंचाहत्तर, हृदय अधू. मशीननं आयुष्य वाढेलच असं नाही. मशीन नको असेल तर गोळ्या, पथ्य, सूज आणि धाप कमी करायची औषधं चालू राहतील. दिवस थोडे असतील. असू देत. एसटीत उलट्या करत जगण्यापेक्षा मी आपल्या पानमळ्यात बसून पानं खुडणाऱ्या बायकांच्या चुका काढीन. अळणी आमटी पाहून मात्र रडू येतं, खोटं कशाला बोलू? मरणाची भीतीही वाटते.

तू नर्स आहेस, म्हणून हे तुला लिहून ठेवते. पुढं कधी मला बोलता येणार नाही आणि सुयश घाबरून पुण्याला न्यायला गाडी बोलावील. तेव्हा हे पत्र त्याच्यापुढं धर. आणि ऐन वेळी मीच भ्याले, पुण्याला न्या म्हणाले, तर बेलाशक न्या. मत बदलायचा हक्क माझा आहे. माझ्या वतीनं तो तुम्ही वापरायचा नाही.

तुझीच, पुरती शुद्धीवर असलेली,
आई