घरच्या अंजिराचा ॲक्शन प्लॅन

गुरुवार, १६ जानेवारी २०२५
आजपासून रोजनिशी. चाकणला कंपनीत क्वालिटीत असल्यामुळे मी स्क्रूच्या आट्याचीसुद्धा नोंद ठेवतो. घरात मात्र कशाचीच नोंद नाही, म्हणून घरातले प्रॉब्लेम रिपीट होतात. रोज एक पान. चुकवायचं नाही.
प्रॉब्लेम : बाबांना गावी परत जायचंय. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आता छान चालतात. पाडव्याला लातूरजवळ औशाकडे निघतो म्हणाले. तिथं कोण आहे? आई जाऊन दोन वर्षं झाली. घराला कुलूप. शेजारी सोनबाकाका, त्यांना ऐकू येत नाही. मी म्हटलं, रहाटणीत काय कमी आहे? थ्री-बीएचके आहे, लिफ्ट आहे. बाबांनी गॅलरीच्या जाळीकडे बोट केलं. म्हणाले, कबुतरं भायेर हायत आन् मी आत.
विनोदाचा मूड आहे म्हणजे रमतायत.

मंगळवार, २१ जानेवारी
मधली चार पानं राहिली. ऑडिट होतं.
येताना सुपरमार्केटमधून ताजी अंजिरं आणली. सहा नग, प्लास्टिकचा डबा, प्रत्येकाला वेगळा खण. पॅकिंग उत्तम. गावी विहिरीजवळ अंजिराचं झाड होतं. उन्हाळ्यात बाबा जेवणाऐवजी अंजिरंच खायचे, आई ओरडायची. तेच डोक्यात होतं. डबा पुढे केला. बाबांनी एक उचललं, जरासं दाबलं, वास घेतला, परत त्याच्या खणात ठेवलं. म्हणाले, मी खात न्हाई लेकरा, तुमी खावा.
म्हणजे माल रिजेक्ट.

गुरुवार, २३ जानेवारी (कंपनीची साप्ताहिक सुट्टी)
सकाळी शांतपणे बसून 'पाच वेळा का' केलं. बाबांनी अंजीर का खाल्लं नाही? पसंत पडलं नाही. का? पुरतं पिकलेलं नव्हतं. का? कच्चंच तोडतात. का? लांबून यायचं असतं. का? विकतचं आहे!
रूट कॉज सापडला. तात्पुरता उपाय : घरात विकतचं अंजीर बंद. कायमचा उपाय : घरचं झाड. बाबांनी घरचं अंजीर खाल्लं की गाव विसरतील.
विजयश्री म्हणाली, अहो, बाबांनाच विचारा ना, का खात नाहीत ते. मी तिला समजावलं की ऑपरेटरला विचारून रूट कॉज कळत नसतो, डेटा बघावा लागतो. ती अंजिरांचा डबा घेऊन शेजारी गेली.

गुरुवार, ३० जानेवारी
निगडीला बरकतभाईंच्या नर्सरीत. फळं लागलेलं झाडच घेतलं. सहा हिरवी अंजिरं, प्रत्येक गोटीएवढं. बरकतभाई म्हणाले, साहेब, अंजीर को जमीन चाहिए, तिसऱ्या मजल्यावर रुसेल, आणि जागा बदलली की फळ गाळतं. मी म्हटलं, माझं झाड माझ्या प्रोसेसने चालेल. बरकतभाई म्हणाले, झाड तुमचं, मर्जी झाडाची.
विक्रीचं कौशल्य कमी आहे त्यांच्यात.

गुरुवार, ६ फेब्रुवारी
निळा ड्रम कंपनीच्या भंगारातून, रीतसर गेटपास करून. लिफ्टमध्ये बसला नाही. तीन मजले चढवला. पाठ गेली.
बाबांना सांगितलं होतं, तुम्ही फक्त बसून बघा. ऐकलं नाही. ड्रमला खाली भोक कुठंय, विचारलं. ते माझ्या चेकलिस्टमध्ये नव्हतं. मग बाबांनीच सळई तापवून चार भोकं पाडली, विटांचे तुकडे टाकले, माती भरली. दुपारभर गॅलरीत होते. गावाचं नाव काढलं नाही. मीटर योग्य दिशेला सरकतोय.
जेवायला कारलं. मी खाल्लं नाही. आईच्या अस्थी घेऊन काशीला गेलो तेव्हा कारलं सोडलंय. श्रद्धेच्या बाबतीत मी तडजोड करत नाही, हे विजयश्रीला दर वेळी सांगावं लागतं.

गुरुवार, २० फेब्रुवारी
खालच्या मजल्यावर धनेश राहतात, सोसायटीचे चेअरमन. त्यांच्या गॅलरीत मातकट पाणी गळतं. लेखी तक्रार. मी लेखी उत्तर दिलं.
फळं सहाची चार. दोन गळाली. प्रोसेस स्थिर होताना एवढं होतंच.
बाबांचा चेहरा जरा उतरलेला वाटला. विचारलं, झाड आवडलं ना? म्हणाले, झाडाचं काय, बिचारं हाय तिथं उभं ऱ्हातंय.
म्हणजे आवडलं.

गुरुवार, ६ मार्च, सकाळी ११.१०
हे चेकशीटच्या मागे लिहितोय. मी गॅलरीत अडकलोय.
झाडाला ऊन सारखं मिळावं म्हणून ड्रमखाली चाकांचा स्टँड केला होता. स्वतःचं डिझाइन. ड्रम फिरवताना एक चाक मोडलं आणि ड्रम दार आणि भिंत यांच्यामध्ये बसला. दार बाहेर उघडतं. आता उघडत नाही. ड्रम हलत नाही. फोन आत चार्जिंगला, विजयश्री बँकेत, ड्युटीवर.
११.४०. बाबा खाली गेटपाशी दिसले. वॉचमनशी बोलतायत, त्याच्याकडून कागदावर काहीतरी लिहून घेतायत. ओळखी होतायत, फार चांगलं. जाळीतून ओरडलो. बाबांनी वर बघून हात केला आणि बोलत राहिले. समोरच्या विंगच्या बाई मला बघून कबुतरांना दाणे टाकायचे थांबल्या.
दुपारी ३. सुटलो. बाबा वर आले, खिडकीच्या गजांतून बघितलं. मला वाटलं, फायर ब्रिगेड बोलवतील. त्यांनी खुरपं आणि एक गोणी बाहेर सरकवली. म्हणाले, माती काढ, हलकं हुईल. तेवढंच. मी माती काढत होतो, बाबा खिडकीपाशी खुर्ची घेऊन बसले. गजांतून चहा दिला. आईनं विहिरीजवळची फांदी कुठून आणली, पहिल्या वर्षी बकरीनं ती कशी खाल्ली, सगळं सांगितलं. दीड तास. बाबांशी इतकं शेवटचं कधी बोललो होतो, नोंद नाही.
बाबा गेले तर मला करमणार नाही. हे लिहून ठेवतो. त्यांना सांगण्यासारखी गोष्ट नाही ही, उगाच हळवं व्हायचं.
वॉचमनच्या कागदावर वल्लभनगर स्टँडवरून सुटणाऱ्या लातूर गाड्यांच्या वेळा होत्या. जनरल माहिती असावी.
फळं : एक. तीन गेली ड्रम हलवताना.

रविवार, ३० मार्च (पाडवा)
सकाळी गुढी. गुढीच्या शेजारी बाबांची बॅग, भरलेली.
मी म्हटलं, बाबा, एक अंजीर उरलंय, तेवढं पिकेपर्यंत थांबा. ते तुमच्यासाठीच आहे. बाबांनी झाडाकडे बघितलं, मग बराच वेळ माझ्याकडे. म्हणाले, तू थांब म्हणतूस तर थांबतो.
प्लॅन चालला! अंजिरानं अडवलं. विजयश्री स्वयंपाकघरात बोलावून काहीतरी काशीचं सांगायला लागली. तिला म्हटलं, आज सणाला श्रीखंड आहे, कारल्याचा विषय कशाला.

गुरुवार, १० एप्रिल
फळाला रोज व्हर्निअर लावतो. ३१.४ मिलिमीटर. मलमलीची पिशवी बांधली. गॅलरीत जाणं सगळ्यांना बंद, फळाला धक्का नको. कपडे हॉलमध्ये वाळतात. बाबा कपड्यांच्या रांगांमध्ये बसून टीव्ही बघतात. काल म्हणाले, आता गॅलरी बी गेली.

शुक्रवार, २५ एप्रिल
३८.२. रंग बदलतोय. कंपनीत सगळ्यांना फोटो दाखवला. आमचे मॅनेजर म्हणाले, एका नगासाठी एवढा खर्च? मी म्हटलं, सर, इथे नग मोजायचा नसतो, बाबा राहिले पाहिजेत.

गुरुवार, १ मे
पिकलं. देठाशी वाकलं, खाली मधाचा थेंब आला.
आईचं चांदीचं ताट काढलं. मध्ये एक अंजीर. बाबांना पाटावर बसवलं. त्यांचा गुडघा अजून नीट वाकत नाही, पाय लांब करून बसले. मी म्हटलं, बाबा, विकतचं नाही, घरचं आहे. आता खा.
बाबांनी फळाला हात लावून नमस्कार केला. खाल्लं नाही.
म्हणाले, लेकरा, काशीला सोडलंय की. तुझ्या आईच्या नावानं. तू बाजूलाच हुतास. तू कारलं सोडलंस, मी अंजीर सोडलं.
मी बाजूलाच होतो. फोनवर होतो. पुरवठादाराचा एक लॉट रिजेक्ट झाला होता. घाटावर गुरुजींनी मला दोनदा विचारलं, काय सोडणार, आणि मला जे नाहीतरी खायचं नव्हतं ते मी पटकन सांगितलं. बाबांनी काय सांगितलं ते मी ऐकलंच नाही.
मी विचारलं, मग पाडव्याला कशासाठी थांबलात? बाबा म्हणाले, तू थांब म्हणलास म्हनून. चार महिन्यांत पैल्यांदा म्हणलास. अंजीर कशाला पायजे हुतं त्याला?
मग म्हणाले, पर आता पिकलं, मी निघतो.
अंजीर मी आणि विजयश्रीनं अर्धं अर्धं खाल्लं. गोड होतं. विजयश्री म्हणाली, डब्यातलीही अशीच होती. तिनं तेव्हा शेजारी बसून पाच खाल्ली होती.

शनिवार, ३ मे
बाबांना सकाळच्या गाडीत बसवलं. जाताना झाडाची एक फांदी कापून ओल्या फडक्यात गुंडाळून घेतली. विहिरीजवळचं जुनं झाड वाळलंय, तिथं लावणार. मी म्हटलं, तुम्ही तर खात नाही. म्हणाले, पाखरं खातील, सोनबा खाईल.
दुपारी कारलं होतं. दोन वर्षांनी खाल्लं. विजयश्रीनं विचारलं नाही. कडू होतं.
एक वाक्य तयार केलंय : बाबा, परत या, मला करमत नाही. फक्त सहा शब्द. पाच वेळा म्हणून बघितलं. बाबांचा पोचल्याचा फोन आला की लगेच म्हणायचं. इकडचं तिकडचं बोलायचं नाही.

शनिवार, ३ मे, संध्याकाळी ६.३०
फोन आला. पोचले. मी विचारलं, गाडी वेळेवर होती का. होती म्हणाले. बसायला जागा मिळाली का. मिळाली.  मग बाबांनी विचारलं, झाडाला पाणी घातलंस का. मी हो म्हटलं.
फोन ठेवला आणि मग घातलं.